इंटरनेट पहिल्यांदा शिकताना: आधी खातं, शेवटी पैसे

नवा मोबाइल घेतला की दुकानातलं पोरगं दहा मिनिटांत सगळं चालू करून देतं. ईमेल तेच काढतं, पासवर्डही तेच ठरवतं. घरी आल्यावर नातू पैसे पाठवायचं अॅप बँकेला जोडून देतो. चार-सहा महिन्यांनी फोन पाण्यात पडतो किंवा एसटीत राहतो, आणि मग कळतं की आपल्याच ईमेलचा पासवर्ड आपल्याला माहीत नाही. फोटो, नातेवाइकांचे नंबर, सगळं अडकून पडतं.

यात चूक शिकणाऱ्याच्या वयाची किंवा बुद्धीची नसते, क्रमाची असते. शेवटी करायचं काम पहिल्या दिवशी होतं आणि पहिलं काम कधीच होत नाही. कोल्हापुरात किंवा आसपासच्या गावांत राहणारे, पन्नाशी-साठी ओलांडलेले आणि आता स्वतः इंटरनेट वापरू पाहणारे, अशांसाठी हा क्रम लिहिला आहे. काही टप्प्यांच्या शेवटी एक तपासणी आहे. ती जमेपर्यंत पुढे जाऊ नका, मग त्याला आठवडा लागला तरी चालेल.

## शिकवणाऱ्याने आधी हे वाचावं

"आणा इकडं आजी, दोन मिनिटांत करून देतो." हे वाक्य बंद करा. फोन शिकणाऱ्याच्याच हातात राहू दे. तुम्ही शेजारी बसा, बोटाने दाखवा, पण पडद्याला हात लावू नका. चुकीचं बटण दाबलं गेलं तर मागे कसं यायचं, हेच तर शिकायचं आहे. एका बैठकीत एकच टप्पा घ्या, अर्ध्या तासापेक्षा जास्त नको. शिकलेलं दुसऱ्या दिवशी तुमच्याशिवाय करायला सांगा.

## तयारी: फोन हातात घेण्याआधी आणि घेतल्यावर

एक जाड पुठ्ठ्याची वही घ्या. सुट्या कागदांवर काही लिहायचं नाही, ते रद्दीत जातात.

मग सिम कुणाच्या नावावर आहे ते बघा. बऱ्याच घरांत आईचं सिम मुलाच्या नावावर किंवा वारलेल्या वडिलांच्या नावावर असतं. पुढची सगळी कामं या नंबरवर येणाऱ्या ओटीपीवर (एसएमएसने येणारा, एकदाच चालणारा आकडी कोड) चालणार आहेत, त्यामुळे सिम स्वतःच्या नावावर हवं. नसेल तर आधार कार्ड घेऊन कंपनीच्या अधिकृत दुकानात जा आणि नाव बदलून घ्या. बँकेत, आधारला आणि सिमवर एकच नंबर आहे याचीही खात्री करा. दहा वर्षांपूर्वीचा बंद नंबर अजून आधारला लागलेला असतो आणि माणूस न येणाऱ्या ओटीपीची वाट बघत बसतो.

आता फोनकडे वळा. सेटिंग्जमध्ये अक्षरं मोठी करा. भाषा मराठी ठेवा. शिकवणाऱ्या नातवाला मराठी मेनू अवघड वाटतो म्हणून आजोबांनी इंग्रजीशी झटापट करावी, हे मला पटत नाही. तारीख आणि वेळ 'आपोआप' वर ठेवा, कारण तारीख चुकली असेल तर चांगल्या साइटसुद्धा 'कनेक्शन सुरक्षित नाही' असा इशारा देऊन उघडत नाहीत. सिस्टिमचं अपडेट राहिलं असेल तर करून टाका. पडद्याला पिनचं कुलूप लावा, जन्मसाल सोडून.

तपासा: स्वतःच्या नंबरवर दुसऱ्या फोनवरून साधा एसएमएस मागवा आणि तो स्वतः उघडून मोठ्याने वाचा. एसएमएस आणि व्हॉट्सअॅपचा मेसेज यांतला फरक इथेच कळायला हवा.

## टप्पा 1: खातं स्वतःच्या ताब्यात

अँड्रॉइड फोन गूगल खात्यावर चालतो. खातं नवीन काढायचं असेल तर नाव आधारवर आहे तसंच लिहा आणि जन्मतारीख खरी टाका. ईमेलचा पत्ता साधा ठेवा. आडनाव, नाव आणि दोन-तीन आकडे पुरेत, टोपणनावं आणि टिंबं नकोत. उद्या बँकेतल्या बाईंना तो फोनवर सांगायची वेळ येईल.

खातं दुकानात काढलेलं असेल तर आज ते ताब्यात घ्या. फोन अजून त्याच खात्यावर चालू आहे, त्यामुळे हे काम आज सोपं आहे. फोन हरवल्यावर फार अवघड होईल.

1. सेटिंग्जमध्ये 'गूगल' उघडा, तिथून खातं व्यवस्थापित करण्याच्या पानावर जा. ईमेलचा पूर्ण पत्ता वहीत उतरवा.
2. 'सुरक्षा' भागात पासवर्ड बदला (तो कसा निवडायचा ते टप्पा 2 मध्ये आहे) आणि नवा वहीत लिहा. जुना विचारला आणि माहीत नसेल तर 'पासवर्ड विसरलात' दाबा. बहुतेक वेळा याच फोनवर खात्री करून नवा ठेवता येतो.
3. तिथेच रिकव्हरीसाठी, म्हणजे अडकलेलं खातं परत मिळवण्यासाठी, कुठला मोबाइल नंबर आहे तो बघा. दुकानातल्या कुणाचा किंवा जुना असेल तर काढून स्वतःचा टाका. रिकव्हरी ईमेल म्हणून घरातल्या एका विश्वासू माणसाचा पत्ता द्या.
4. खातं कुठल्या कुठल्या उपकरणांवर उघडं आहे त्याची यादी बघा. अनोळखी असेल ते बाहेर काढा.

दोन वर्षं अजिबात न वापरलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं. म्हणून दुसरं, तिसरं खातं काढत बसू नका. एकच ठेवा, पण नीट ठेवा.

तपासा: घरातल्या दुसऱ्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर, फक्त वहीत बघून, स्वतःच्या ईमेलमध्ये शिरा. मग तिथून बाहेरही पडा. 'साइन आउट' दाबायला विसरणं हीसुद्धा चूकच धरायची.

## टप्पा 2: पासवर्ड आणि वही

मोबाइल नंबर, नातवाचं नाव, गाडीचा नंबर, देवाचं नाव आणि पुढे 123, हे सगळं ओळखीच्या माणसाला पहिल्या पाच प्रयत्नांत सापडतं. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द घ्या आणि ते इंग्रजी अक्षरांत सलग लिहा. मिरची, छत्री, बत्तासा, सायकल, अशा धाटणीचे. हे चार मात्र घेऊ नका, ते इथे छापले गेले. लांबी हीच ताकद आहे. साइटने आकडा किंवा चिन्ह मागितलं तर शेवटी जोडा.

शब्दाचं स्पेलिंग वहीत इंग्रजी अक्षरांतच उतरवा. 'छत्री' तीन जण तीन तऱ्हेने लिहितात आणि मग खातं उघडत नाही. मोठं अक्षर कुठलं, तेही अधोरेखित करा.

वहीत पासवर्ड लिहावा का, असं अनेक जण काळजीने विचारतात. घरात कपाटात राहणाऱ्या वहीत ईमेलचा पासवर्ड लिहायला माझी हरकत नाही. तुम्हाला धोका आहे तो दूर बसलेल्या ठगापासून, आणि त्याला तुमची वही दिसत नाही. पण एटीएमचा पिन, यूपीआयचा (मोबाइलवरून पैसे पाठवायच्या सोयीचा) पिन आणि नेट बँकिंगचा पासवर्ड वहीतही नको आणि फोनमध्ये कुणाच्या नावाखाली नंबर म्हणून लपवलेलाही नको.

सावधान: वहीच्या पानाचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर मुलाला पाठवू नका. एवढ्या एका गोष्टीने वहीचा सगळा फायदा जातो.

व्हॉट्सअॅप वापरत असाल तर त्याच्या सेटिंग्जमध्ये 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' चालू करा आणि सहा आकडी पिन ठेवा. म्हणजे कुणी तुमच्याकडून ओटीपी काढून घेतला तरी त्याला तुमचं व्हॉट्सअॅप दुसऱ्या फोनवर सहजासहजी चालू करता येत नाही.

## टप्पा 3: मराठीत लिहिणं

कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा आणि पृथ्वीगोलाचं चिन्ह दाबून भाषा कशी बदलते ते दहा वेळा करून बघा. माइकचं चिन्ह दाबून बोललं तरी लिहिलं जातं, आणि शोधायला ते उत्तम आहे. अर्जात नाव किंवा गट नंबर भरताना मात्र बोलू नका, टाइप करा. आणि आकडे इंग्रजीत टाका. मराठी आकडे अनेक सरकारी साइट घेत नाहीत, कारणही सांगत नाहीत, नुसतंच 'माहिती चुकीची' म्हणतात.

## टप्पा 4: साइटचा पत्ता वाचणं

हा टप्पा सगळ्यांत जास्त वेळा गाळला जातो, आणि बहुतेक फसवणूक इथेच अडवता येते. साइट खरी की खोटी हे रंग, बोधचिन्ह किंवा मंत्र्यांचा फोटो बघून ठरत नाही. ते वरच्या पट्टीतल्या पत्त्यावरून ठरतं.

पट्टीवर एकदा टिचकी मारा म्हणजे पूर्ण पत्ता दिसेल. सुरुवातीपासून पहिली तिरकी रेघ येईपर्यंतचा भाग बघा ('एचटीटीपीएस' नंतरच्या दोन रेघा मोजू नका). त्या भागाचा शेवट म्हणजे आडनाव समजा. पुढे नाव काहीही लावता येतं, घराणं आडनावावरून कळतं. उदाहरणार्थ, जमिनीचे कागद दाखवणाऱ्या साइटच्या पत्त्याचा 'महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन' असा शेवट असेल तर साइट सरकारी, कारण 'जीओव्ही डॉट इन' हा शेवट सरकारी खात्यांनाच मिळतो. पण 'महाभूमी' हा शब्द सुरुवातीला आणि शेवटी भलतंच काही, पुढे 'डॉट कॉम' किंवा 'डॉट ऑनलाइन', तर तो पत्ता कुणीही विकत घेतलेला असू शकतो.

आता यातला गुंता. सगळ्या खऱ्या साइट 'जीओव्ही डॉट इन' नसतात. महावितरणची साइट 'महाडिस्कॉम डॉट इन' आहे आणि रेल्वे तिकिटांची 'आयआरसीटीसी डॉट को डॉट इन'. अशा वेळी पत्ता इंटरनेटवर शोधायचा नाही, हातातल्या कागदावरून घ्यायचा: लाइट बिल, पासबुक. रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये बँकांना 'बँक डॉट इन' हा शेवट असलेले पत्ते घ्यायला लावले, त्यामुळे तुमच्या बँकेचा पत्ता बदललेला असण्याची शक्यता आहे. नवा पत्ता शाखेत जाऊन विचारा आणि वहीत लिहा.

पट्टीत कुलपाचं चिन्ह दिसलं तर ते एवढंच सांगतं की तुमच्या आणि त्या साइटच्या मधे कुणी डोकावत नाही. पलीकडे बसलेला भला आहे की चोर, हे ते सांगत नाही. चोरही कुलूप लावतो.

तपासा: शिकवणाऱ्याने कागदावर सहा पत्ते लिहावेत, तीन खरे, तीन बनावट. सहाही बरोबर ओळखले तरच पुढे.

## टप्पा 5: शोधणं

सरावासाठी पावसाळ्यातलं आपल्या जिल्ह्याचं नेहमीचं काम घ्या: पंचगंगेची पाणी पातळी. जुलै उजाडला की व्हॉट्सअॅपवर फोटो आणि आकडे धडाधड येतात, आणि त्यांत 2019 किंवा 2021 च्या महापुराचे जुने व्हिडिओही मिसळलेले असू शकतात.

शोधाच्या चौकटीत 'पंचगंगा राजाराम बंधारा पाणी पातळी' असं लिहा. नुसतं 'पूर' लिहिलंत तर देशभरातलं येईल. जितका नेमका शब्द तितकं कामाचं उत्तर. निकाल आले की लगेच पहिल्यावर बोट ठेवू नका. वर 'प्रायोजित' असं लिहिलेलं असेल ती पैसे देऊन लावलेली जाहिरात आहे, ती सोडून खाली या. मग बातमीची तारीख आणि वेळ बघा. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. हे दोन आकडे वहीत असले की आजच्या आकड्याचा अर्थ स्वतःला लावता येतो. जिल्हा प्रशासनाचा आकडा आणि एखाद्या वर्तमानपत्राचा आकडा जुळतो का ते पडताळा, आणि मगच गल्लीतल्या ग्रुपवर टाका.

सावधान: कस्टमर केअरचा फोन नंबर इंटरनेटवर कधीही शोधू नका. बँक, गॅस, कुरिअर, यात्रेकरूंसाठीच्या खोल्या, या सगळ्यांच्या नावाने ठग स्वतःचे नंबर पेरून ठेवतात. तुम्हीच फोन करता, त्यामुळे संशयही येत नाही. नंबर घ्यायचा तो पासबुक, बिल, कार्डाची मागची बाजू इथूनच.

## टप्पा 6: पहिलं खरं काम, सातबारा बघणं

पहिलं काम मुद्दाम असं निवडलं आहे की त्यात पैसे जात नाहीत, काही बिघडत नाही, आणि तरीही यादीतून निवडणं, चौकट भरणं, अक्षरं ओळखणं हे सगळं शिकायला मिळतं. शेत नसेल तर भावाचा, मामाचा गट नंबर घ्या.

आधी जुना सातबारा समोर ठेवा. गावाचं कागदोपत्री नाव, तालुका आणि गट नंबर वहीत लिहा. बहुतेक जण इथेच अडकतात, कारण बोलण्यातलं नाव आणि दप्तरातलं नाव वेगळं असतं. 'कोल्हापूर' नावाचा तालुका यादीत सापडणार नाही, तो 'करवीर' आहे. जोतिबाचा डोंगर म्हणून शोधलं तर मिळत नाही, पन्हाळा तालुक्यात 'वाडी रत्नागिरी' बघावं लागतं. नरसोबाची वाडी शिरोळ तालुक्यात 'नृसिंहवाडी' म्हणून येते. 'कसबा' लागणारी गावं 'क' मध्येही बघा.

1. 'महाभूलेख' ही सातबारा दाखवणारी सरकारी साइट शोधा, आणि उघडण्याआधी पत्त्याचा शेवट 'महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन' आहे ना, ते वाचा.
2. विभाग विचारला तर पुणे निवडा, कोल्हापूर जिल्हा त्यात येतो. मग जिल्हा, तालुका, गाव. एक यादी भरून झाल्यावर दुसरी उघडायला दोन-चार सेकंद लागतात. तेवढ्यात पुन्हा पुन्हा दाबू नका.
3. सातबारा, आठ-अ आणि मालमत्ता पत्रक यांतून सातबारा निवडा. शहरातल्या पेठेतल्या घराचा सातबारा शोधत बसू नका. सिटी सर्व्हे झालेल्या भागात मालमत्ता पत्रक असतं.
4. गट नंबरचा फक्त पहिला आकडा टाका. गट 214/2/अ असेल तर 214 लिहून शोधा. खाली त्या गटाचे सगळे हिस्से येतील, त्यांतून आपला निवडा. पूर्ण नंबर तिरक्या रेघांसकट टाकला म्हणून 'सापडत नाही' आलं, असं नेहमी होतं.
5. मोबाइल नंबर टाका. चित्रातली वेडीवाकडी अक्षरं जशीच्या तशी भरा, लहान ते लहान आणि मोठं ते मोठं. वाचता येत नसतील तर शेजारचं गोल बाणाचं चिन्ह दाबून दुसरी मागवा.

साइट बंद पडली, पांढरं पान आलं, तर तुमचं काही चुकलेलं नाही. दिवसा भार जास्त असतो. सकाळी लवकर किंवा रात्री पुन्हा बघा.

लक्षात ठेवा: हा उतारा फक्त माहितीसाठी आहे. कर्जाला किंवा सरकारी कामाला डिजिटल सहीचा सातबारा लागतो, तो वेगळ्या पानावर 15 रुपये भरून मिळतो. आज तो काढू नका. पैशाचा टप्पा अजून यायचा आहे.

## टप्पा 7: उतरवून घेतलेली फाइल

कुठलाही कागद डाउनलोड केला की तो 'फाइल्स' अॅपमधल्या 'डाउनलोड' या खणात जातो. तो तिथून उघडून दाखवता आला की हा टप्पा संपला.

एकच इशारा, पण पाठ करण्यासारखा. फाइलच्या नावाचा शेवट 'पीडीएफ' असेल तर कागद आहे, 'जेपीजी' असेल तर फोटो. शेवट 'एपीके' असेल तर ते अॅप आहे आणि ते फोनमध्ये शिरणार आहे. वाहनाचं चलन, पीएम किसानचा हप्ता, अगदी लग्नपत्रिका अशा नावांनी एपीके फाइल व्हॉट्सअॅपवर फिरतात. पाठवणारा ओळखीचा असला तरी उघडू नका, त्याचाच फोन आधी ठगांच्या ताब्यात गेलेला असू शकतो. अॅप घ्यायचं ते प्ले स्टोअरवरूनच.

## टप्पा 8: आता पैसे

ऊसबिल आणि पेन्शन ज्या खात्यात जमा होते ते खातं मोबाइलला जोडू नका. दुसरं बचत खातं काढा, त्यात महिन्याच्या खर्चापुरते दोन-तीन हजार ठेवा आणि यूपीआय फक्त त्यालाच लावा. या एका गोष्टीवर मी हट्ट धरते. घरातले लोक 'कटकट आहे' म्हणतील, म्हणू देत.

पहिला व्यवहार घरातच करा: मुलीला 1 रुपया पाठवा आणि तिला 1 रुपया परत पाठवायला सांगा. पाठवताना पिन विचारला जाईल, येताना विचारला जाणार नाही. हे डोळ्यांनी बघितलं की नियम आपोआप पक्का होतो: पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही आणि क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. 'तुमचे पैसे परत करायचे आहेत, हा कोड स्कॅन करा' म्हणणारा तुमचे पैसे काढतो आहे.

दुसरा व्यवहार लाइट बिलाचा. ग्राहक क्रमांक 12 आकडी असतो, तो कागदी बिलावरून टाका. नाव पडद्यावर आलं की ते आपलंच आहे का बघा, रक्कम बिलाशी जुळवा, मगच पिन टाका. 'आज रात्री वीज तोडणार, या नंबरवर फोन करा' असा मेसेज आला तर फोन करायचा नाही. बिल उघडून बघायचं.

ओटीपीचा मेसेज पूर्ण वाचायची सवय लावा. बहुतेक जण फक्त आकडे बघतात. किती रुपये, कशासाठी, हे त्याच मेसेजमध्ये लिहिलेलं असतं.

रेल्वेचं तिकीट काढताना पैसे कापले गेले आणि तिकीट आलं नाही, तर घाईने दुसऱ्यांदा भरू नका. आधी बुकिंगच्या इतिहासात बघा. तिकीट झालेलं नसेल तर पैसे आपोआप खात्यात परत येतात, त्याला काही दिवस लागतात. कोल्हापूर स्थानकाचं अधिकृत नाव श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनस आहे. यादीत कोल्हापूर सापडलं नाही तर इंग्रजीत 'के, ओ, पी' हा कोड टाका.

तपासा: महिनाभर फक्त लाइट बिल आणि रिचार्ज. प्रत्येक व्यवहार वहीत लिहा आणि महिनाअखेरीस पासबुकाशी जुळवा.

## टप्पा 9: फसवणूक झालीच तर

हा टप्पा आधीच वाचून ठेवायचा असतो. वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत 1930 लिहा. हा सायबर फसवणुकीचा देशभराचा मदत क्रमांक आहे.

पोलीस, सीबीआय किंवा कस्टमवाला व्हिडिओ कॉलवर 'तुम्हाला डिजिटल अटक केली आहे, कॉल बंद करू नका' म्हणाला तर कॉल बंदच करा. अशी अटक कायद्यात नाही. 'कुणाला सांगू नका' असं तो सांगेल, म्हणून लगेच शेजारच्या घरात जा आणि सांगा.

पैसे गेले असतील तर क्रम असा. ठगाने फोनमध्ये एखादं अॅप घ्यायला लावलं असेल तर आधी वाय-फाय आणि मोबाइल डेटा बंद करा आणि घरातल्या दुसऱ्या फोनवरून 1930 लावा. मग बँकेला फोन करून खातं आणि कार्ड थांबवायला सांगा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात, त्यामुळे सकाळी शाखेत जाऊ म्हणून रात्र घालवू नका. लाज वाटून दोन दिवस गप्प बसणं हे पैसे जाण्यापेक्षाही महागात पडतं. घरच्यांनीही त्या क्षणी रागावू नये. ओरडा मिळेल या भीतीनेच माणसं लपवतात.

मेसेज, कॉलची नोंद, व्यवहार क्रमांक काहीही पुसू नका, सगळ्याचे स्क्रीनशॉट (पडद्याचे फोटो) घ्या. 'सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन' वर तक्रार नोंदवा किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात जा, आणि मिळालेला तक्रार क्रमांक वहीत लिहा. ईमेलचा पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला, त्याच फोनवरून नको. बिघडलेला फोन पूर्ण रीसेट करून घ्या, पण पोलिसांना विचारल्यावरच, कारण पुरावा त्याच फोनमध्ये असतो.